जुन्या पेडलांचा आवाज लॅपटॉपमधून कसा काढायचा: नागपूरच्या नव्या गिटार-बेसवाल्यांसाठी

नागपुरात गिटार शिकणारे आता गल्लोगल्ली आहेत, बर्डीवर चक्कर मारली की गिटार, स्ट्रिंगा, केबल, पिकं सगळं मिळून जाते. पण १९७० च्या काळातला असली फेझर किंवा टेप इको (गिटारचा आवाज बदलणारे डब्बे) वाजवून पाहायचा म्हटलं तर तो कोणाच्या घरी असला तर असला, दुकानात काही सापडत नाही. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांची त्या आवाजांशी ओळख होते ती मॉडेलिंगमधूनच, म्हणजे लॅपटॉपवरचं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) नाहीतर मल्टी-इफेक्टचा डब्बा. आणि पहिल्या दिवशी होते काय, प्लगइन उघडलं, दोनशे प्रीसेट (आधीच करून ठेवलेल्या सेटिंगा) दिसले, एकेक करून सगळे फिरवले, अर्धे कानाला टोचले, उरलेले सारखेच वाटले, मंग डिजिटल बेकार असते म्हणून मोकळे. आता पाहा, प्रत्येक मॉडेल कोणत्या तरी खऱ्या सर्किटची नक्कल असते. ते सर्किट काय करत होतं हे समजलं आणि त्याच्यात बरोबर लेव्हलचा सिग्नल घातला, तर फुकटचं प्लगइनसुद्धा मस्त वाजते. चार मॉडेल नीट शिका, बाकी एकशे शहाण्णव पडू द्या तिकडे.

पायरी १: सामान

लॅपटॉप, एक साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायचा डब्बा) ज्याच्यावर गिटारसाठीचं हाय-झी किंवा इन्स्ट्रुमेंट इनपुट आहे, आणि वायरवाले हेडफोन. बस. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, त्याच्यात आवाज शंभर मिलीसेकंदांच्याही वर उशिरा येऊ शकतो, वाजवणं अशक्य होते. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात कन्व्हर्टर लावून गिटार घुसवायचा जुगाड पण नको, काऊन की गिटारच्या पिकअपला समोर साधारण १ मेगाओहम इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विजेचा अडथळा) लागतो, तो नाही मिळाला तर वरची सगळी चमक जाते आणि मग तुम्ही ट्रेबल वाढवत बसता.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रीपर घ्या, ६० दिवस फुकट तपासता येते आणि नंतरचं लायसन्सही बाकीच्यांच्या मानाने स्वस्त आहे. प्लगइनमध्ये न्यूरल ॲम्प मॉडेलर, ज्याला सगळे नॅम म्हणतात, ते ओपन सोर्स आहे, गिटार रिगचा फुकटचा प्लेअर आहे, लिनक्सवाल्यांसाठी गिटारिक्स आहे. ज्याला कॉम्प्युटरची कटकटच नको त्याने छोटा मल्टी-इफेक्ट घ्यावा, खालचं सगळं त्यालाही लागू आहे.

पायरी २: लेटन्सी, म्हणजे वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतचा उशीर

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर टाका. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, बफर (लॅपटॉप एका घासात किती सॅम्पल घेतो ते) १२८. हिशोब सोपा आहे, १२८ भागिले ४८,००० म्हणजे साधारण २.७ मिलीसेकंद, येताना-जाताना मिळून आणि ड्रायव्हरचा वेळ धरून आठ-दहाच्या आसपास जाते. हवेत आवाजाला १ मीटर जायला जवळपास ३ मिलीसेकंद लागतात, म्हणजे ॲम्पपासून ३ मीटर लांब उभं राहिल्याएवढाच उशीर. स्टेजवर एवढ्यानं कोणाचं वाजवणं बिघडत नाही. बफर ६४ वर नेता आला तर न्या, आवाज तडतडला तर परत वर.

पायरी ३: लेव्हल, आणि इथे थोडं थांबा

नव्वद टक्के लोक ही पायरी सोडून देतात आणि मग मॉडेलला शिव्या घालतात.

खरं पेडल व्होल्टेज पाहते. गिटारमधून काहीशे मिलीव्होल्ट येतात, हमबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) जोरात स्ट्रम मारला तर १ व्होल्टच्याही वर जाते. आत जो सिलिकॉन डायोड बसलेला आहे तो साधारण ०.६ व्होल्टला वाहायला लागतो आणि तिथे वेव्हचं डोकं कापलं जाते, तेच डिस्टॉर्शन. आता सॉफ्टवेअरला व्होल्ट दिसत नाहीत, त्याला दिसतात फक्त आकडे, आणि कोणता आकडा म्हणजे किती व्होल्ट हे मॉडेल बनवणाऱ्याने काहीतरी गृहीत धरलेलं असते. तुम्ही इंटरफेसचा गेन उगाच वर ठेवला तर मॉडेलला वाटते का ह्या गिटारमधून तीन-चार व्होल्ट येऊन राहिले, आणि ड्राइव्ह (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब) शून्यावर असूनही चरचर सुरू होते.

तर असं करा. इंटरफेसवर इन्स्ट बटण दाबा, गेन पूर्ण खाली, गिटारचा व्हॉल्यूम १० वर, ब्रिज पिकअप, आणि जेवढ्या जोरात तुम्ही खरंच वाजवता तेवढ्या जोरात सहाही तारा वाजवा. मीटरवर सगळ्यात वरचा उसळा उणे १२ डीबीच्या आसपास असला पाहिजे. गेन शून्यावर असतानाच तिथे पोचत असेल तर हात लावू नका, लय खाली असेल तर थोडा वाढवा. काही प्लगइनच्या मॅन्युअलमध्ये इनपुट कॅलिब्रेशनचा आकडा दिलेला असतो, दिला असेल तर तोच पाळा, माझं ऐकू नका.

मग परीक्षा. कोणतंही ओव्हरड्राइव्ह मॉडेल लावा, ड्राइव्ह मध्यावर, आणि गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ५ वर आणा. आवाज बारीक होण्यासोबत स्वच्छही झाला पाहिजे. झाला नाही, तसाच चरचरत राहिला, तर अजूनही इनपुट जास्त आहे. हे जमेपर्यंत पुढे जायचंच नाही.

पायरी ४: कॅबिनेट लावल्याशिवाय डिस्टॉर्शन ऐकू नका

गिटार ॲम्पचा स्पीकर ५-६ किलोहर्ट्झच्या वर जवळपास काही देतच नाही. जुनी सगळी पेडलं त्या स्पीकरमधून ऐकायची म्हणून बनवलेली आहेत, सरळ हेडफोनमध्ये ऐकली की खडखड-चरचर येणारच, त्यात मॉडेलची काही चूक नाही. म्हणून इफेक्टांच्या साखळीच्या शेवटी ॲम्पचं मॉडेल आणि त्याच्यानंतर कॅबिनेटचा (स्पीकरच्या डब्ब्याचा) आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, लावा. कॅबिनेटसमोर माइक ठेवून घेतलेली ती एक छोटीशी फाइल असते. फुकटचे आयआर ढीगभर मिळतात, दोन-तीन निवडा आणि शोधणं बंद करा. आयआर बदलला की जेवढा फरक पडते तेवढा ड्राइव्हचं मॉडेल बदलून पडत नाही, हे एकदा करून पाहाच.

पायरी ५: आता एकेक डब्बा उघडून पाहू

क्रम आधी सांगतो: वाह, कॉम्प्रेसर (मोठा-बारीक आवाज सारखा करणारा), फझ किंवा ड्राइव्ह, मॉड्युलेशन (फेझर, कोरस), डिले (उशिरा येणारा पडसाद), रिव्हर्ब (खोलीचा घुमारा). नियम म्हणून नाही, सुरुवात म्हणून.

*ट्यूब स्क्रीमर.* आयबानेझचं हिरवं पेडल, ७० च्या दशकाच्या शेवटचं, आत जेआरसी ४५५८ नावाची चिप. ह्याच्यात डायोड त्या चिपच्या (ऑपॲम्प, सिग्नल मोठा करणारी) फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुट परत आत आणणाऱ्या वाटेत, बसवलेले आहेत, त्यामुळे कापलेल्या सिग्नलसोबत मूळ स्वच्छ सिग्नलही बाहेर येतो, म्हणून पिकिंग दबत नाही. दुसरं म्हणजे साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला तो कमी गेन देतो. म्हणजे खालचं पातळ, मधलं फुगलेलं. एकटं ऐकलं तर काही खास वाटत नाही, पण आधीच थोड्या तापलेल्या ॲम्पच्या मॉडेलपुढे ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त करून लावा, मग कळेल काऊन लोक ह्याच्यासाठी एवढे वेडे आहेत. हाच प्रकार बॉसच्या १९८१ च्या एसडी-१ मध्ये आहे, फक्त त्याच्यात डायोड एका बाजूला जास्त आहेत, म्हणून वेव्ह वर-खाली सारखी कापली जात नाही आणि आवाजाला जरा वेगळा दाणा येतो.

*रॅट आणि बिग मफ.* रॅटमध्ये एलएम३०८ ही हळू चिप आहे, जास्त गेनवर तिला वरच्या फ्रिक्वेन्सीचा वेग झेपत नाही आणि तोच त्या आवाजाचा चेहरा झाला. बिग मफमध्ये एकामागे एक दोन वेळा क्लिपिंग (वेव्हचं डोकं कापणं) आहे आणि टोनच्या सर्किटमध्ये मधल्या फ्रिक्वेन्सीला खड्डा. घरी एकटं वाजवताना भिंतीसारखा जाडजूड, बँडमध्ये दुसरी गिटार आणि झांजा आल्या की गायब. मॉडेलमध्येही तस्सं गायब होते, म्हणजे नक्कल चांगली आहे! मफच्या नंतर ईक्यू (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं) लावून १ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उचला.

*फझ फेस.* १९६६ चं, लंडनच्या आर्बिटर कंपनीचं, दोन ट्रान्झिस्टर आणि मोजके पार्ट, आणि मॉडेलवाल्यांना सगळ्यात जास्त रडवलं असेल तर ह्यानंच. सुरुवातीच्या पेडलांत जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते आणि जर्मेनियमची गळती उष्णतेसोबत वाढते, दर १० अंशांना साधारण दुप्पट. आता आपल्या इकडच्या मे महिन्याचा विचार करा, पारा ४५ च्या वर, वरच्या मजल्याची खोली, तिथे असली जर्मेनियम फझ दुपारी एक वाजेल आणि पहाटे भलतंच. मॉडेलला ऊन लागत नाही, ह्या एका बाबतीत नागपूरकरासाठी नक्कलच बरी. पण एक गोष्ट हुकते. असली फझ फेसचा इनपुट इम्पीडन्स खूप कमी असतो, तो पिकअपवर ओझं टाकतो आणि म्हणूनच गिटारचा व्हॉल्यूम जरासा कमी केला की आवाज काचेसारखा स्वच्छ होतो. तुमची गिटार मात्र इंटरफेसच्या १ मेगाओहमला जोडलेली आहे, तिला पुढे फझ आहे हे माहीतच नाही. लाइन ६ च्या हेलिक्ससारख्या काही मशीनमध्ये इनपुट इम्पीडन्स बदलता येतो, तिथे तो कमी करून पाहा. ती सोय नसेल तर गिटारचा टोन ७-८ वर आणा आणि फझ साखळीत सगळ्यात पुढे ठेवा, बऱ्यापैकी जवळ जाते.

*फेझ ९०.* एमएक्सआर, १९७४, एकच नॉब, स्पीड. आत चार ऑल-पास टप्पे (काही न कापता फक्त वेव्ह मागे-पुढे सरकवणारे), मूळ सिग्नलमध्ये मिसळले की फ्रिक्वेन्सीत दोन खड्डे पडतात आणि ते खड्डे वर-खाली फिरतात, बस एवढंच. नॉब नऊ वाजता ठेवा, ड्राइव्हच्या आधी एकदा ऐका आणि नंतर एकदा. मला आधी आवडते, नंतर लावलं की लय विमान उडते.

*कोरस आणि ॲनालॉग डिले.* दोघांचं पोट एकच, बीबीडी (बकेट ब्रिगेड) चिप, फिलिप्समध्ये १९६९ च्या सुमारास शोधली गेली. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून हातोहात बादल्या द्याव्या तसा सिग्नल शेकडो-हजारो कपॅसिटरांमधून पुढे सरकतो. सरकवायचा वेग म्हणजे क्लॉक. क्लॉक हळू केलं की डिले लांब, पण मग क्लॉकची शिट्टी ऐकू नये म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सी फिल्टरने कापाव्या लागतात, म्हणून ॲनालॉग डिलेचे रिपीट मऊ आणि काळपट येतात. बॉसच्या १९८१ च्या डीएम-२ ला जास्तीत जास्त ३०० मिलीसेकंदच मिळायचे. मॉडेलमध्ये २ सेकंदांचा ॲनालॉग डिले दिसला तर समजा का ती सोय आहे, इतिहास नाही, वापरा बिनधास्त. कोरसचं तसंच, बॉसचा सीई-१ १९७६ चा, त्याच्यात डिले अगदी बारीक आणि क्लॉक हळूहळू हलते म्हणून सूर किंचित वर-खाली होतो. डेप्थ अर्ध्याच्या खाली ठेवा, नाहीतर लग्नातल्या ऑर्केस्ट्राचा १९९० चा कीबोर्ड आठवते.

*टेप इको.* रोलँडचा स्पेस इको आरई-२०१, १९७४, फिरती टेप आणि तीन प्लेबॅक हेड. मॉडेलमध्ये वाव-फ्लटर नावाचा नॉब असतो, तो टेपच्या डगमगण्याचा. ह्याच्यात रिपीट फक्त काळपट होत नाहीत, टेप सॅच्युरेट होऊन थोडे फाटतात पण. फीडबॅक हळूहळू वाढवत न्या, एका जागी तो स्वतःच ओरडायला लागतो. हेडफोन असेल तर हात मास्टर व्हॉल्यूमवर ठेवूनच हा प्रयोग करायचा, कान एकच जोडी आहे.

बेसवाल्यांनो, तुमचं थोडं वेगळं

बेसची खालची ई तार ४१ हर्ट्झ, पाच तारांवर बी म्हणजे ३१ च्या जवळ. गिटारची बहुतेक ड्राइव्ह पेडलं खालचा भाग आधीच फेकतात (वर ट्यूब स्क्रीमरचे ७२० आठवा), म्हणून सरळ लावली की बँडचा पाया गेला. उपाय म्हणजे सिग्नल दोन वाटांनी न्यायचा. एका ट्रॅकवर साधारण २०० हर्ट्झच्या खालचं ठेवा, स्वच्छ, थोडं कॉम्प्रेशन. दुसऱ्यावर त्याच्या वरचं, तिथे रॅट लावा, मफ लावा, काय लावायचं ते लावा. मग दोन्ही मिसळा. मिसळल्यावर आवाज जाड व्हायच्या ऐवजी पोकळ झाला तर एका वाटेची पोलॅरिटी (वेव्हची वर-खाली बाजू) उलटी करून पाहा. अनेक प्लगइनमध्ये ब्लेंडचा नॉब असतो, तिथे हे काम आतच होऊन जाते.

ॲम्प-कॅबिनेट म्हणून अँपेग एसव्हीटी ॲम्प आणि आठ दहा-इंची स्पीकरवाल्या डब्ब्याचं मॉडेल जवळपास सगळ्यांत असते. असली ॲम्प १९६९ चा, ३०० वॉटचा, तिसऱ्या मजल्यावर चढवायला निदान दोन माणसं लागतील, आपण तो माऊसनं उचलून राहिलो. सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर हे पेडल तर स्वतःच ॲम्पची एक ॲनालॉग नक्कल आहे, त्याचं डिजिटल मॉडेल म्हणजे नकलेची नक्कल, तरी रॉकसाठी चालते आणि छान चालते.

ऑक्टेव्हसाठी, म्हणजे एक सप्तक खालच्या सुरासाठी, बॉस ओसी-२ चं मॉडेल, मूळ १९८२. तो सिग्नलची फ्रिक्वेन्सी अर्धी करतो, एका वेळी एकच सूर त्याला कळतो. दोन तारा एकत्र वाजल्या की गडबडतो, ई तारेच्या खालच्या फ्रेट्सवर पण अडखळतो. सातव्या फ्रेटच्या वर वाजवा, बाकीच्या तारा हाताने दाबून ठेवा, आणि त्याच्या आधी कॉम्प्रेसर द्या.

पायरी ६: दोन मॉडेलांची तुलना कशी करायची

वाजवत वाजवत तुलना करू नका, हात दर वेळी वेगळा पडतो. आधी कोणतंही इफेक्ट न लावता ३० सेकंद कोरडी गिटार रेकॉर्ड करा, ती लूपवर टाका आणि तिच्यावर मॉडेल बदलत जा. दोघांचा आउटपुट मीटरवर सारखा करून घ्या, १ डीबीनेसुद्धा जो मोठा वाजते तोच कानाला चांगला वाटते आणि आपण फसतो.

इथेच एक फरक पण लक्षात येईल. काही मॉडेलं सर्किटचा एकेक पार्ट मोजून गणितात मांडलेली असतात, त्यांचे नॉब असलीसारखे वागतात. नॅमसारख्या पद्धतीत खऱ्या पेडलमधून किंवा ॲम्पमधून ठरलेला सिग्नल पाठवून, बाहेर काय आलं ते न्यूरल नेटवर्कला शिकवतात. त्या एका सेटिंगला तो आवाज जबरदस्त जवळ असतो, पण साधारणपणे तो एका नॉबस्थितीचा फोटो आहे, ड्राइव्ह बदलायचा तर दुसरं कॅप्चर शोधा. आणि डिले, कोरस, फेझर ह्या पद्धतीत येत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीचीच प्लगइनं.

ज्याला स्वतः बनवून पाहायचं त्याच्यासाठी

इंजिनिअरिंगला असाल तर हे एका रात्रीचं काम आहे. रीपरमध्ये जेएसएफएक्स (स्वतःचे इफेक्ट लिहायची सोय) असते, कोड लिहिला की लगेच ऐकू येते. इनपुट घ्या, ७२० हर्ट्झचा हाय-पास, मग २० ते १०० पट गेन, मग टॅनएच फंक्शन म्हणजे मऊ क्लिपिंग, त्याच्यात मूळ सिग्नल मिसळा, शेवटी एक लो-पास. ट्यूब स्क्रीमरचा कच्चा भाऊ तयार. आता वरच्या फ्रेटवर लांब बेंड मारा, सुराच्या उलट्या दिशेनं सरकणारी एक घाणेरडी शिट्टी ऐकू येईल. ते एलियासिंग. क्लिपिंगने नवीन हार्मोनिक तयार होतात, ४८ किलोहर्ट्झच्या सिस्टममध्ये २४ च्या वरचं काही मावत नाही, मग ते दुमडून खाली येते आणि सुराशी त्याचं काही नातं नसते. म्हणून क्लिपिंगच्या आधी सॅम्पल रेट ४ किंवा ८ पट करायचा, नंतर फिल्टर लावून परत खाली आणायचा. विकतच्या प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचं जे बटण असते ते हेच, वाजवताना कमी ठेवा, फायनल रेंडर करताना वाढवा.

कूलर, इन्व्हर्टर आणि घूंऽऽ

हे कोणत्या मॅन्युअलमध्ये नाही. उन्हाळ्यात खोलीत कूलर सुरू असला की सिंगल कॉइल पिकअप त्याच्या मोटरची घूं पकडते, आणि हाय-गेन मॉडेल ती पन्नासपट करून ऐकवते. कूलरपासून लांब बसा आणि बसल्या जागी गोल फिरून पाहा, एका कोनात घूं जवळपास गायब होते, तीच तुमची खुर्चीची जागा. लाइट गेली आणि घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चार्जरमधून वेगळीच भणभण येते, तेव्हा चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. जुन्या घरात अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या, फक्त आवाजासाठी नाही, शॉकसाठीपण. नॉइज गेट (सूर नसताना आवाज बंद करणारा) लावायचा तर ड्राइव्हच्या आधी, हलका, सूर संपायच्या आत दार आपटणारा नको.

आणि लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग कमी करतो, मग तडतड. मे महिन्यात दुपारी बफर २५६ करा किंवा सकाळी वाजवा.

स्टेजवर जाताना

देशपांडे हॉल असो नाहीतर कॉलेजचं गॅदरिंग, आता बरेच जण ॲम्प न नेता सरळ पीएमध्ये (हॉलच्या मोठ्या स्पीकरांमध्ये) घालतात. तेव्हा कॅबिनेट आयआर चालू पाहिजे. पण समोर खरा गिटार ॲम्प ठेवला असेल तर आयआर बंद, नाहीतर दोन कॅबिनेट एकावर एक बसतात आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. हेडफोनवर बनवलेला प्रीसेट मोठ्या आवाजात खाली फुगतो आणि वर टोचतो, म्हणून स्टेजसाठी वेगळी कॉपी ठेवा, तिच्यात गिटारला ९० हर्ट्झच्या खालचं आणि ६-७ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, बेसला ३५ च्या खालचं. रिव्हर्ब अर्ध्यावर आणा, हॉल स्वतःचा टाकतोच. प्रीसेटांचे आवाज एकमेकांशी जुळवून घ्या, नाहीतर स्वच्छवरून ड्राइव्हवर गेलं की साऊंडवाले भाऊ फेडर खाली ओढतात आणि मग पूर्ण गाणं तुम्ही ऐकूच येत नाही. साऊंड चेकला त्यांना तुमचा सगळ्यात मोठा प्रीसेट आधी द्या.

मल्टी-इफेक्टचा फर्मवेअर कार्यक्रमाच्या आठवड्यात अपडेट करू नका, आणि प्रीसेटचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.